ब्रेक ऑइल घरी बदलावे की मिस्त्रीकडेच जावे?

धागाकर्ता (दर्यापूर तालुका): आमच्या अकरा वर्षे जुन्या अल्टोचे ब्रेक ऑइल मी गेल्या रविवारी प्रथमच घरच्या अंगणात बदलले. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना पेडल मऊ पडले, तेव्हाच मनात धास्ती बसली होती. हे ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ३ या प्रकारचे ब्रेक ऑइल कोरडे असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओल मुरली की ही मर्यादा १४० च्या आसपास येते, आणि उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला की आत वाफ धरते आणि पेडल मऊ पडते. गावच्या मिस्त्रीने मागे दोनदा ‘ऑइल बदलले’ म्हणजे टाकीत वरून नवे ओतले. चाकाजवळच्या निपलला, म्हणजे जुने ऑइल बाहेर काढायच्या पोकळ स्क्रूला, पाना लावलाच नाही. म्हणून पुतण्याला पेडलवर बसवले आणि मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. तो पेडल दाबून धरी, मी निपल पाव फेरा सैल करी; सलाईनच्या नळीतून चहासारखे काळपट ऑइल बाटलीत उतरे. निपल आवळल्यावरच त्याने पाय उचलायचा. माझ्या मते हे काम शेतकऱ्याला जमण्यासारखे आहे.

प्रतिसाद (परतवाडा): भाऊ, मला हे पटत नाही. इंजिनाचे ऑइल चुकले तर इंजिन जाईल. ब्रेक चुकले तर संध्याकाळी रस्त्यावरून परतणाऱ्या बैलगाड्या आणि माणसे समोर असतात. गंजलेले निपल मोडले तर आपण काय करणार होतात? टाकी रिकामी होऊन हवा शिरली असती तर? शिवाय एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये हवा अडकली तर ती काढायला बहुधा स्कॅनर लागतो, तो अंगणात कुठला?

धागाकर्ता: आमच्या गाडीला एबीएस नाही, आणि निपलवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारले होते. चूक मात्र झाली, ती सांगतो. तिसऱ्या चाकाला पुतण्याने माझ्या हाकेआधीच पाय उचलला, हवा आत ओढली गेली आणि नळीत बुडबुडे दिसू लागले. ते चाक पुन्हा पहिल्यापासून केले. नळी पारदर्शक होती म्हणून कळले, एरवी कळले नसते.

प्रतिसाद (आर्वी): दादा, जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू देऊ नये. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात आतले रबरी सील एरवी जात नाही तिथे गंज असतो आणि त्यावर घासून ते फाटते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. हे ऑइल रंग उचलते, बॉनेटवर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे. आणि बाटलीतले जुने ऑइल कुठे गेले? धुऱ्यावर तर नाही ना ओतले?

धागाकर्ता: नाही, बाटली झाकण लावून कोठीत ठेवली आहे. ठोकळ्याचे मात्र मला ठाऊकच नव्हते.

प्रतिसाद (परतवाडा): हेच तर मी म्हणत होतो, भाऊ. ठोकळ्याचे ठाऊक नसताना आपण पेडल किती वेळा तळाला नेले असेल? सील फाटले असेल तर कळावे म्हणून येत्या आठवड्यात पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसते का ते बघा, आणि तोवर घाटात जाऊ नका.