पिकअपच्या टपाला स्विच पॅनेल आणि जादा लाईट: वायरिंग कसं करावं?

कांदागाडी_१३:

गाडी बोलेरो पिकअप, बीएस-६. मोहोळ, मंगळवेढा भागातून कांदा आणि डाळिंब भरून रात्री सोलापूर मार्केट यार्डला जाते. शेतात माल भरताना उजेड नसतो, म्हणून जादा लाईट लावायचेत: पुढे बंपरच्या उंचीवर ३६ वॅटचे दोन फॉग, हौद्यात १८ वॅटचे दोन, मागे फाळक्यापाशी १८ वॅटचा एक, आणि केबिनमध्ये १० वॅटची पट्टी. सगळे एलईडी.

डॅशबोर्ड कापायचा नाही. दोन सन व्हायझरच्या मध्ये टपाला स्विच पॅनेल हवंय. इलेक्ट्रिकवाला म्हणतो, "एलईडीला रिले कशाला? बॅटरीवरून एक जाड वायर वर स्विचपर्यंत नेतो आणि तिथून सगळीकडे वाटतो." हे बरोबर आहे का? वायर आणि फ्यूज किती घ्यायचे?


तारजोड:

तसं करू देऊ नका. लाईटचा करंट टपापर्यंत चढवायचाच नाही. रिले म्हणजे बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. वर फक्त रिलेला चालू-बंद करणारा बारीक करंट जाऊ द्या.

आधी हिशेब. फॉग ७२ वॅट म्हणजे १२ व्होल्टला ६ अँपिअर. हौदा ३ अँपिअर, फाळका दीड, केबिन पट्टी ०.८. एकूण ११.३. आकडा लहान वाटतो म्हणूनच लोक रिले टाळतात. पण चांगल्या एलईडीत ड्रायव्हर, म्हणजे उजेड सारखा ठेवणारं सर्किट असतं. व्होल्टेज पडलं तर उजेड कमी होत नाही, ड्रायव्हर उलट जास्त करंट ओढतो. म्हणजे बारीक वायर गरम होत असली तरी लाईटकडे बघून कळत नाही. दुसरं, ड्रायव्हरमधले कपॅसिटर चालू होण्याच्या क्षणी मोठा झटका घेतात. त्याने स्वस्त स्विचचे कॉन्टॅक्ट चिकटतात आणि लाईट बंदच होत नाही. तिसरं, स्विचवर छापलेलं "६ अँपिअर २५० व्होल्ट" हे एसीचं रेटिंग आहे. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसीत ती ओढली जाते आणि कॉन्टॅक्ट जळतो. गाडीत तोच स्विच ६ अँपिअर झेपवेल असं धरू नका.

सामान असं घ्या. १२ व्होल्ट ३०/४० अँपिअरचे तीन रिले, सॉकेटसह (फॉग, हौदा, फाळका). केबिन पट्टीला रिले नको. झाकणवाला सहा खणी ब्लेड फ्यूज बॉक्स. मेन वायर ४ चौ.मिमी., लाईटच्या वायरी १.५ चौ.मिमी., स्विचच्या ०.७५ चौ.मिमी. वायर ऑटोचीच, पूर्ण तांब्याची. घरगुती वायरीचं साधं पीव्हीसी साधारण ७० अंशांपर्यंतचं असतं, ते बोनेटखाली कडक होऊन तडकतं.

फ्यूज: मेन २० अँपिअर, आणि तो बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एका विताच्या आत. पुढे फॉगला १०, हौद्याला ५, फाळक्याला ५, स्विचच्या फीडला ३. केबिन पट्टीही याच ३ वर चालते. फ्यूज लाईट वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. बॅटरी आणि मेन फ्यूज यांच्यामधला तुकडा फ्यूजच्या संरक्षणाबाहेरच राहतो, म्हणून तो जितका आखूड तितका बरा.

रिलेची जोडणी (आकडे म्हणजे रिलेच्या पिनांचे नंबर): ३० ला फ्यूज बॉक्सकडून पॉझिटिव्ह, ८७ वरून लाईट, ८६ ला वरून आलेली स्विचची वायर, ८५ अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याला (निगेटिव्ह). पाच पिनी रिले मिळाला तर मधला ८७ए रिकामा सोडा. तिथे लाईट जोडला तर स्विच बंद असताना तो पेटेल. रिलेची कॉइल (८५-८६ मधलं वेटोळं) जेमतेम ०.१५ अँपिअर घेते, म्हणून ०.७५ ची वायर पुरून उरते. ८५-८६ वर १एन४००७ डायोड टाका, पांढरी पट्टी ८६ कडे. कॉइल सुटताना उलटं व्होल्टेज उसळतं, ते तिथेच जिरतं.

स्विचच्या ३ अँपिअर खणाला फीड केबिनच्या फ्यूज बॉक्समधून घ्या, चावी चालू केल्यावरच जिवंत होणाऱ्या खणात फ्यूज टॅप (फ्यूजच्या खणातून जादा वायर काढून देणारा जोड) लावून. खण मल्टिमीटरने तपासून निवडा. बीएस-६ गाडीत हेडलाईटच्या किंवा कुठल्या सेन्सरच्या वायरीला टोचून फीड घेऊ नका. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा.


शून्यव्होल्ट:

वरचं सगळं मान्य, एका गोष्टीवर माझं मत वेगळं. टपाला पॉझिटिव्ह न्यायचीच कशाला? ८६ ला खालीच फ्यूजमधून पॉझिटिव्ह द्या आणि ८५ ची वायर वर नेऊन स्विचने अर्थ करा. काचेच्या खांबात वायर पत्र्याला घासली तरी ठिणगी नाही. फार तर लाईट आपोआप लागेल.

हौद्याच्या अर्थिंगवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. हौदा आणि चेसिसच्या मध्ये बऱ्याच गाड्यांत लाकूड किंवा रबराचं पॅकिंग असतं. हौद्याच्या पत्र्याला अर्थ दिली की ती बोल्टांच्या भरवशावर राहते, आणि पावसाळ्यात गंज धरला की लाईट लुकलुकतो. अर्थची वायर थेट चेसिसला आणा. रंग खरवडून चकाकता पत्रा काढा, लगखाली (वायरीच्या टोकाच्या कडीखाली) दातेरी वॉशर घाला, घट्ट करून वरून ग्रीस लावा. बॅटरीच्या निगेटिव्हवर करंट मोजणारा सेन्सर बसवलेला असेल तर अर्थ त्या टर्मिनलवर जोडू नका, चेसिसलाच द्या. नाहीतर तुमच्या लाईटचा करंट सेन्सरला दिसत नाही.


तारजोड:

अर्थ स्विच करण्यात सुरक्षा आहे, बरोबर. पण यांना रात्री कुठला लाईट चालू आहे ते स्विचवर दिसायला हवं. बाजारातल्या बहुतेक दिवेवाल्या रॉकर (दाबून कलणाऱ्या) स्विचमधला दिवा आउटपुट आणि अर्थ पिनच्या मध्ये असतो. अर्थ बाजूने जोडला तर तो नीट पेटत नाही. साधे बिनदिव्याचे स्विच घेणार असाल तर शून्यव्होल्टांची पद्धत घ्या. दिवेवाले घ्यायचे तर पॉझिटिव्ह वर न्या, ३ अँपिअरचा फ्यूज आहेच.


पत्रापट्टी:

पॅनेलचं सांगतो, कारण चुका तिथेच जास्त होतात.

टपाच्या पत्र्याला भोक पाडायचं नाही. अस्तर आणि पत्रा यांच्यात फार जागा नसते. ड्रिल पलीकडे गेलं की पहिल्या पावसात पाणी आत, आणि गंज भोकाच्या कडेने पसरतो. पॅनेल व्हायझरच्या आणि केबिन लाईटच्या मूळ स्क्रूंवर अडकवा, स्क्रू फक्त थोडे लांब घ्या. दुतर्फी टेपवर भरवसा नको. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा ४० च्या वर जातो, बंद केबिनमध्ये टपाखाली त्याहून खूप जास्त. टेपचा डिंक पातळ होतो आणि पॅनेल चालत्या गाडीत मांडीवर येतं. हॉट ग्लूचंही तेच.

आधी पुठ्ठ्याचा नमुना कापा. सीटवर बसून डोकं लागतं का आणि व्हायझर पूर्ण खाली येतो का ते बघा. मग दीड ते दोन मिमी अॅल्युमिनियमचा पत्रा त्याप्रमाणे वाकवा आणि कडा घासून गोल करा. गोल रॉकरला २० मिमीचं भोक, टॉगलला १२. मी रॉकरच घ्या म्हणेन. अपघातात डोकं वर आपटतं आणि टॉगलची दांडी कपाळात घुसते.

वायरी खाली नेताना खांबाचं प्लास्टिक कव्हर अलगद ओढून काढा आणि मूळ हार्नेसला (गाडीच्या वायरींच्या जुडग्याला) टाय करत न्या. ज्या मॉडेलात कर्टन एअरबॅग आहे तिथे एअरबॅगच्या मागून न्या, पुढून कधीच नाही. बोनेटकडे जाताना फायरवॉलच्या मूळ रबर ग्रोमेटमधूनच पार करा, उघड्या पत्र्यातून नको. साधी काळी टेप उन्हात चिकचिकीत होऊन सुटते. जोडावर हीट श्रिंक, आणि वरून कापडी हार्नेस टेप.


कांदागाडी_१३:

आभारी आहे. दोन शंका. हौद्याचे लाईट गाडी बंद असतानाच लागतात, मग चावीवरचा फीड कसा चालेल? आणि आरटीओ पासिंगला अडवतील का?


तारजोड:

हौदा आणि फाळका या दोन स्विचना फीड फ्यूज बॉक्सच्या कायम जिवंत बाजूकडून द्या, वेगळ्या ३ अँपिअर फ्यूजमधून. फॉग आणि पट्टी चावीवरच ठेवा. हौदा अधिक फाळका साडेचार अँपिअर. दोन तास भरणी चालली तर ९ अँपिअर-तास गेले, ६५ च्या चांगल्या बॅटरीला ते काहीच नाही. रात्रभर दहा तास राहिले तर ४५ जातील आणि सकाळी सेल्फ फिरणार नाही. म्हणून या दोन स्विचचे दिवे लाल घ्या, बाकीचे हिरवे.

पासिंगचं: केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १११ मालवाहू गाडीच्या पुढे स्पॉट लाईट किंवा सर्च लाईट लावायला मनाई करतो. नियम ११० प्रमाणे मागे लाल सोडून दुसरा उजेड दिसता कामा नये, रिव्हर्स लाईट आणि नंबर प्लेटचा दिवा यांसारखे अपवाद वगळून. त्यामुळे टपावर लाईट बार नकोच. फॉग हेडलाईटच्या खाली आणि तोंड जमिनीकडे. हौदा आणि फाळक्याचे लाईट रस्त्यावर बंद, गाडी उभी असतानाच चालू. मागच्या गाडीवाल्याच्या डोळ्यांत पांढरा झोत गेला तर नियम राहू द्या, तोच येऊन आपटेल.

काम झालं की सगळे लाईट पंधरा मिनिटं चालू ठेवा आणि प्रत्येक फ्यूज, रिलेचा सॉकेट आणि लग बोटाने तपासा. जो चटका देतो तिथला क्रिंप (दाबून बसवलेला जोड) सैल आहे. मग मल्टिमीटरची एक टोकणी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी लाईटच्या पॉझिटिव्हवर. अर्ध्या व्होल्टापेक्षा जास्त दिसलं तर मधला जोड शोधा. अर्थ बाजूलाही असंच मोजा.


शून्यव्होल्ट:

एक जोडतो. हौद्याच्या वायरीला केबिनच्या मागे, चेसिसवर, वॉटरप्रूफ दोन पिनी कनेक्टर टाका. वायर कनेक्टरकडे येताना आधी खाली झुकवून मग वर घ्या, म्हणजे पाणी तिथेच टपकतं, आत शिरत नाही. हौदा वेल्डिंगला उतरवायची वेळ आली की कनेक्टर काढायचा, वायर कापायची नाही. आणि वेल्डिंग गाडीवरच करणार असतील तर बॅटरीची निगेटिव्ह आधी काढायला लावा.