मदत हवी आहे: नैराश्यावर फोकस्ड अल्ट्रासाउंड

निशिगंध: ताईला गोळ्या लागू पडत नाहीत. डोकं न उघडता अल्ट्रासाउंडने मेंदूतल्या नेमक्या जागेवर उपचार होतात असं वाचलं. कोणी केलेत का? किती सिटिंग लागतात? 'डॉक्टरांना विचारा' एवढंच लिहू नका, प्लीज.

शरयू: लागू पडत नाहीत म्हणजे? कोणत्या गोळ्या, पूर्ण डोसवर किती आठवडे? निदान नैराश्याचंच आहे की बायपोलरचं?

दत्तामामा: बिनधास्त करा! आमच्या बाबांचा हात थरथर कापायचा. डोक्याचा तुळतुळीत गोटा केला, चौकट बसवली आणि एमआरआयमध्ये घेतलं. बाबा पूर्ण जागे. मधे मधे कागदावर गोल काढायला लावायचे. त्याच संध्याकाळी कप नीट धरला.

रानवाट: मामा, ते वेगळं. कंपासाठी हजाराहून जास्त लहरी थॅलॅमस या मेंदूतल्या खोलवरच्या भागातल्या एका ठिपक्यावर एकवटून तो तापवून कायमचा निकामी करतात. अमेरिकेत २०१६ साली त्याला मान्यता मिळाली. नैराश्यासाठी बहुतेक कमी तीव्रतेच्या लहरी वापरतात. त्यात काही जाळत नाहीत, पेशींचं काम तेवढ्यापुरतं कमीजास्त होतं. हे अजून चाचण्यांमध्येच आहे.

दत्तामामा: नैराश्यातही जाळून करतात की. मेंदूतल्या तंतूंच्या एका जुडग्यावर करतात, कॅप्सुलोटॉमी म्हणतात.

रानवाट: करतात, पण संशोधनात आणि मोजक्या रुग्णांवर. सगळे उपाय थकल्यावर. पहिल्या फटक्यात कोणी सुचवणार नाही.

पाऊलखुणा: त्यापेक्षा टीएमएस घ्या, म्हणजे डोक्याबाहेरून चुंबकाचे झटके देऊन मेंदू चेतवायचा उपचार. नैराश्यासाठी अमेरिकेत २००८ पासून मान्य आहे. मी रोज जायचे, आठवड्यातून पाच दिवस. तिसऱ्या आठवड्यात झोप सुधारली, मग मन.

रानवाट: टीएमएस मेंदूच्या वरच्या थरापाशीच थांबतं. अल्ट्रासाउंड खोल जातं, म्हणून तर एवढी आशा आहे.

पाऊलखुणा: खोल गेलं म्हणजे गुण आला असं थोडंच आहे? आजारी माणसाला आज मिळेल ते सांगा.

केवडा: गरोदरपणातली सोनोग्राफीही अल्ट्रासाउंडच ना? बाळाच्या मेंदूला त्रास होतो का?

रानवाट: नाही हो. त्या लहरी तपासणीपुरत्या, एका ठिपक्यावर एकवटलेल्या नसतात. निर्धास्त राहा.

निशिगंध: मूळ प्रश्नाकडे याल का? निदान नैराश्याचंच. एस्सिटॅलोप्राम चार महिने घेतली. दुसरी गोळी मळमळ झाली म्हणून दहा दिवसांत बंद. कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र) आहे, पण त्याचा इथे काय संबंध?

पाऊलखुणा: फार मोठा संबंध आहे! इम्प्लांट असेल तर टीएमएस देत नाहीत. माझा सल्ला रद्द धरा.

रानवाट: एमआरआयचंही तसंच. काही मॉडेलना चालतं, काहींचं चुंबक आधी काढावं लागतं. चाचणीत घेतानाही हे पहिल्यांदा विचारतील.

शरयू: दहा दिवसांत सोडलेली गोळी हिशेबात धरू नका. पुरेशा डोसवर निदान सहा आठवडे द्यावे लागतात. म्हणजे खरं तर एकच औषध नीट झालंय. अजून बरंच करण्यासारखं आहे. आता एकच सांगा, जिवाचं बरंवाईट करण्याचं ती बोलते का?

निशिगंध: परवा बोलली होती. एकदाच.

शरयू: मग हा धागा राहू दे. आत्ता तिच्या डॉक्टरांना फोन करा आणि हेच शब्द सांगा. ते भेटले नाहीत तर सरळ इमर्जन्सीत न्या. तिला एकटं ठेवू नका, घरातल्या सगळ्या गोळ्या तुमच्या ताब्यात घ्या. दहा दिवसांचंही सांगा.

निशिगंध: बोललो. लगेच बोलावलंय. इम्प्लांटचं कार्ड घेऊन निघतोय.