मदत हवी आहे : रॉजर वॉटर्सच्या दौऱ्यावर बोलायचंय

नमस्कार मंडळी. आमच्या इंदूरच्या मंडळात 'कलावंत आणि त्याची मतं' यावर बोलायची पाळी माझ्यावर आलीय. उदाहरण घेतलंय पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडवाल्या गायक रॉजर वॉटर्सच्या २०२३ च्या युरोप दौऱ्याचं. युक्रेनबद्दलच्या त्याच्या वक्तव्यांवरून पोलंडमधल्या क्राकूवचे कार्यक्रम आधीच रद्द झाले होते. मग ज्यूद्वेषाचा आरोप ठेवत फ्रँकफर्टने हॉल द्यायला नकार दिला. तो कोर्टात गेला, जिंकला आणि २८ मे रोजी तिथेच गायला. हॉलही साधा नाही. १९३८ साली ज्यूंना पकडून त्याच फेस्टहालेत डांबलं होतं. बर्लिनमध्ये नाझी धाटणीचा काळा कोट घातला म्हणून पोलीस चौकशी. त्याचं म्हणणं, हे पिंक फ्लॉइडच्या 'द वॉल' या अल्बममधल्या हुकूमशहाचं सोंग, १९८० पासूनचं. मला सोंगाचा बचाव पटतो, वक्तव्यांचा नाही. असो.

जर्मनीत राहणारं कोणी फ्रँकफर्टच्या कोर्टाचा निकाल मूळ जर्मनमधून वाचून सोप्या मराठीत सांगेल का? बातम्यांवर भागवायचं नाहीये. आणि वकील मंडळी, १९८९ च्या रंगराजन खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की विरोध होईल म्हणून सरकारने हात वर करायचे नाहीत. पण तो खटला सिनेमाचा. कार्यक्रमाला सरकारी मैदान आधी देऊन ऐनवेळी काढून घेतलं, तर तो लागू होतो का?

शेवटचं, श्रोते बहुतेक सत्तरीचे, नाट्यसंगीतवाले. त्यांना ऐकवायला एकच गाणं सुचवा. आवाज जरा बेताचा असलेलं.