पाच महिन्यांच्या कालवडीच्या बीजांडकोषावर ९ मिलिमीटरचे पुटक: हे वयात येणे समजावे का?

प्रश्न:
कांडीला बांधलेल्या प्रोबने पाच महिन्यांच्या एका कालवडीची गुदमार्गे सोनोग्राफी केली, तेव्हा डाव्या बीजांडकोषावर सुमारे ९ मिलिमीटरचे पुटक (बीज ज्यात वाढते ती द्रवाने भरलेली पिशवी) स्पष्ट दिसले. आठ दिवसांनी ते नाहीसे झाले होते आणि उजव्या बाजूला दुसरे वाढत होते. माजाचे कोणतेही लक्षण नव्हते. बीज सुटले असे मानावे का?

उत्तर १:
पहिले पुटक होते त्या जागी पीतपिंड (बीज सुटल्यावर त्या जागी तयार होणारी गाठ) दिसला नसेल, तर बीज सुटले असे म्हणता येणार नाही. आपण पाहिले ते लाटेचे नेहमीचे चक्र होय. वासरू दोन आठवड्यांचे असल्यापासूनच अशा लाटा आढळतात: एफएसएचची (पुटके वाढवणाऱ्या संप्रेरकाची) पातळी वाढते, पुटकांचा एक गट एकदम वाढू लागतो, त्यातले एक इतरांना मागे टाकते, आणि साधारण सात ते दहा दिवसांत तेही जिरून पुढच्या लाटेला वाट करून देते. वयाबरोबर या प्रबळ पुटकाचा व्यास वाढत जातो, एवढेच. अडचण बीजांडकोषात नसून मेंदूत असते, कारण या वयात पुटकातून स्रवणाऱ्या थोड्याशा इस्ट्राडायोल या संप्रेरकानेही हायपोथॅलॅमस (मेंदूतील संप्रेरक-नियंत्रक भाग) दबून राहतो, एलएचचे (पुटक पक्व करून बीज सोडवणाऱ्या संप्रेरकाचे) स्पंद विरळच राहतात आणि त्यांच्या आधाराविना पुटक पक्व होत नाही. पहिल्या बीजमोचनाच्या (बीज सुटण्याच्या) सुमारे पन्नास दिवस आधी हा दाब सैल पडू लागतो व स्पंद जवळजवळ येतात.

उत्तर २:
वरील उत्तराशी मी सहमत आहे; मात्र तीन ते पाच महिन्यांच्या सुमारास एलएचमध्ये एक तात्पुरती वाढ होते, तिची नोंद घ्यावी. त्या काळात पुटकांची संख्याही वाढलेली दिसते, आणि नवखा तपासनीस नेमका इथेच फसतो. (मीही फसलो होतो, आणि मालकाला उगाच आशा लावली होती.) याच महिन्यांतला आहार पुढे वयात येण्याची वेळ बदलतो: चांगली वाढ झालेल्या कालवडी लवकर माजावर येतात. म्हणून वयापेक्षा वजन पाहावे. दुधाळ जातींत प्रौढ वजनाच्या ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास पहिला माज अपेक्षित असतो, तर झेबू (वशिंड असलेल्या) गटातील गायी युरोपीय जातींपेक्षा उशिरा वयात येतात.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मग खरे वयात येणे ओळखायचे कसे?

उत्तर १:
पीतपिंड आणि त्यातून स्रवणारे रक्तातील प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक, या दोन्हींवरून. पहिले बीजमोचन बहुधा मुक्या (बाहेरून लक्षणे न दिसणाऱ्या) माजातच होते आणि त्यानंतरचा पीतपिंड लहान व अल्पायुषी असल्याने ते चक्र आठ-दहा दिवसांतच आटोपते. त्यामुळे प्रोजेस्टेरॉन एकदाच तपासून भागत नाही. दर तीन-चार दिवसांनी नमुना घ्यावा.