मदत हवी आहे: ग्रीन बेच्या थंडीत पार्किंगमध्ये पावभाजी

मंडळी, डिसेंबरमध्ये लँबो फील्डवर (अमेरिकेतल्या ग्रीन बेचं स्टेडियम) पॅकर्सची, म्हणजे तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघाची मॅच आहे, दुपारी 12 ची. त्याआधी पार्किंगमध्ये टेलगेटिंगची, म्हणजे गाडीपाशीच शिजवून खाण्याच्या पार्टीची, जबाबदारी यंदा आमच्याकडे. 14 माणसं, त्यातली 6 शाकाहारी, गाडीची जागा एकच. बर्गर-ब्राट्स (सॉसेज) दुसरं कुटुंब बघतंय, आम्ही पावभाजी.

गेल्या वर्षी ब्युटेनची शेगडी नेली आणि फजिती झाली. शून्याच्या आसपास ब्युटेनचा वायूच होत नाही, हे तिथे उभं राहून कळलं! म्हणून आता दोन बर्नरची प्रोपेनची शेगडी घेतली. परवा घरासमोर उणे 8 सेल्सिअसला चाचणी केली. भाजी घरून करून थर्मासमध्ये भरली होती, ती तीन तासांनीही वाफाळती होती. अडचण पावांची. एक पौंडी सिलिंडर जोडून शेगडीवर तवा ठेवला, पण वीसेक मिनिटांत ज्योत मंदावली आणि सिलिंडरवर बर्फाचा थर आला. वाऱ्याला पत्र्याचा आडोसा तीन बाजूंनी होता, त्यामुळे दोष वाऱ्याचा नसावा. आडोशामुळे सिलिंडर तापत नाही ना, तेही हात लावून पाहत होतो.

कोळसा नको, आत जाण्याआधी निखारे विझवत बसायला वेळ नसतो. पाव घरून भाजून नेले तर चामड्यासारखे होतात, तेही करून झालं.

साधारण 50 पाव तासाभरात भाजायचे आहेत. अशा थंडीत कुणी हे केलंय का? दोन छोटे सिलिंडर आलटून पालटून वापरले तर निभेल, की नळी लावून 20 पौंडीच न्यावा?