मदत हवी आहे: माथेरानच्या गाडीचे छोटे भाग ओतायला कोणतं रेझिन घेऊ?

नमस्कार मंडळी,

नेरळ-माथेरान गाडीचं १:८७ प्रमाणातलं मॉडेल करते आहे. २ फूट रुंदीचा रूळमार्ग या प्रमाणात जेमतेम ७ मिमी होतो, पण तयार ट्रॅक ९ मिमीचा सहज मिळतो म्हणून तोच घेतला. डब्यांचे सांगाडे पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकच्या शीटमधून कापून झाले. अडलंय ते बोग्यांपाशी, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या चौकटींपाशी. दर डब्याला दोन बोग्या, दर बोगीला दोन बाजू, आणि सगळ्या हुबेहूब सारख्या हव्यात. म्हणून एकच बाजू मन लावून कोरली आणि तिच्यावरून टिन-क्युअर सिलिकॉनचा (कथिलाच्या संयुगाने घट्ट होणारं रबर) उघडा साचा केला. भाग दोन सेंमीच्या आत, जाडी दीड मिमी. बोल्टची डोकी अर्ध्या मिमीहूनही लहान आहेत, पण साच्यात एकूण एक उतरली आहेत.

आता रेझिनचा, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकच्या द्रवाचा प्रश्न. एका ओळखीच्यांकडून उरलेलं पॉलियुरेथेन आणलं होतं. ऐन जुलैत कल्याणला ओतलं, तर भाग पावासारखा फुगला. दागिने आणि कोस्टर करतात ते इपॉक्सी वापरलं तेव्हा बारकावे सुंदर आले, पण दोन दिवसांनीही भाग बोटाने वाकत होता. फायबरग्लासवाल्यांकडचं पॉलिएस्टर स्वस्त आहे, पण त्यातल्या स्टायरीन या द्रवाचा वास अख्ख्या घरात भरतो. घर दोन खोल्यांचं आणि आईला दमा, ही माझी सर्वांत मोठी अडचण आहे.

पावसाळ्यात चालेल, रंगवता येईल, उन्हाळ्यात मऊ पडणार नाही आणि आईला त्रास होणार नाही असं काय घ्यावं? प्रेशर पॉट (हवेच्या दाबाने रेझिनमधले बुडबुडे दाबून टाकणारं भांडं) घेण्याची ऐपत सध्या नाही.

प्रतिसाद – साचेकार

ताई, घरात दमा आहे ना, मग पॉलियुरेथेन सोडून द्या. त्याच्या हार्डनरमध्ये (घट्ट होण्यासाठी मिसळायच्या दुसऱ्या द्रवात) आयसोसायनेट नावाचं रसायन असतं आणि ते दम्याचं नावाजलेलं कारण आहे. एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की अगदी थोड्या वाफेनेही त्रास होतो. वास येत नाही म्हणून वाफ नाही असं समजू नका. मास्क तुम्ही लावाल, आई थोडीच लावणार? फुगण्याचं कारणही तेच आयसोसायनेट. पाण्याशी गाठ पडली की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. अर्धवट वापरलेली बाटली आपल्या दमट हवेत उघडली की संपलंच.

पॉलिएस्टर आकसतंही बरंच आणि त्यातलं स्टायरीन सिलिकॉनचा साचा लवकर खातं. इपॉक्सीच घ्या, पण कोस्टरवालं नको. पातळ, सावकाश सेट होणारं, लॅमिनेशनला, म्हणजे फायबरग्लास कापडाचे थर चिकटवायला वापरतात ते मागा.

प्रतिसाद – रूळप्रेमी

भाग मऊ का राहिला, ते आधी बघू. इपॉक्सी स्वतःच्या उष्णतेवर घट्ट होतं. दीड मिमीच्या भागात ती उष्णता साठतच नाही, लगेच निघून जाते. दुसरं, एवढ्याशा भागांसाठी तुम्ही किती मिसळलंत? ५ ग्रॅमच्या मिश्रणात अर्धा ग्रॅम चुकला तरी १० टक्क्यांची गफलत. सोनारी काट्यावर निदान २०-३० ग्रॅम मिसळा. बाटलीवर रेझिन आणि हार्डनरचं २:१ असं जे प्रमाण असतं, ते मापाने आहे की वजनाने तेही पाहा, कारण दोन्ही द्रवांची घनता वेगळी असते.

पॉट नसला तरी उघड्या साच्यात काम होतं. साच्यात टाल्कम पावडर भुरभुरा आणि उलटा करून झटका. पहिला थर टूथपिकने बोल्टच्या खळग्यांत टोचून भरा, मग बाकीचं ओता. वरून ओएचपीची (ओव्हरहेड प्रोजेक्टरची) पारदर्शक शीट एका कडेने हळूहळू टेकवत न्या, म्हणजे हवा पुढे ढकलली जाते आणि पाठ सपाट येते. दुसऱ्या दिवशी साच्यासकट पत्र्याच्या डब्यात बल्ब लावून ५०-६० अंशांवर काही तास ठेवा, तापमापी लावून आणि समोर बसून. स्वयंपाकाचा ओव्हन अजिबात नको. याने कडकपणा आणि उष्णता सोसण्याची ताकद, दोन्ही वाढतात.

पावसाळ्यात इपॉक्सीवर कधी कधी तेलकट पांढरट साय येते. प्राइमरआधी साबणाच्या पाण्याने घासून धुवा, नाहीतर रंग सोलून निघेल. आणि नायट्राइल हातमोजे हवेतच, इपॉक्सीनेही त्वचेला ॲलर्जी होते.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. मी १० ग्रॅमच मिसळलं होतं, तेही औषधाच्या टोपणाने मापून, त्यामुळे गाडं कुठे अडलं ते कळलं. पॉलियुरेथेनचा विषय बंद. मिसळणं-ओतणं गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीत करीन आणि भाग पूर्ण कडक होईपर्यंत साचा तिथेच ठेवीन.

एक शंका उरली. इपॉक्सीनेही साचा हळूहळू झिजतो ना? सहा डब्यांचे चोवीस भाग एका साच्यातून निघतील, की मूळ भाग हाताशी आहे तोवर आणखी दोन-तीन साचे करून ठेवू?