हेड (इंजिनचे वरचे झाकण) न उघडता सिलिंडरची झीज कशी ओळखावी? मदत हवी आहे

सोलापुरात चार सिलिंडरची एक जुनी पेट्रोल गाडी घेण्याचा विचार आहे. गाडी चढावर निळसर धूर सोडते आणि ऑइलचे झाकण काढल्यावर आतून धुराचा जोर जाणवतो. होटगी रोडवरील मिस्त्रींनी इंजिन गरम करून, सर्व प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासले, तेव्हा पहिला, दुसरा व चौथा सिलिंडर १६५ ते १७० पीएसआयवर, तर तिसरा १२० वर थांबला. त्यात चमचाभर ऑइल सोडताच तो १५० पर्यंत चढला, म्हणजे ऑइलने फट तात्पुरती बुजली, म्हणून व्हॉल्व्हपेक्षा पिस्टनच्या रिंगवर किंवा सिलिंडरच्या भिंतीवरच माझा संशय आहे.

प्लगच्या भोकातून कॅमेरा सोडला असता खालच्या भागात होनिंगच्या (भिंत घासताना मुद्दाम पाडलेल्या) तिरप्या रेषा स्वच्छ दिसतात, पण वर, जिथून रिंग परत फिरते, तिथे भिंत आरशासारखी गुळगुळीत असून एका बाजूला उभा ओरखडा आहे. तो नखाला लागण्याइतका खोल आहे का, हे कॅमेऱ्यातून कळत नाही.

मालक हेड उघडू देणार नाहीत, त्यामुळे बोअर गेजने (सिलिंडरचा आतला व्यास मोजण्याच्या साधनाने) माप घेणे शक्य नाही, आणि रिबोअर करून (सिलिंडर आतून कापून मोठा करून) ओव्हरसाइज, म्हणजे मोठ्या मापाचे, पिस्टन टाकावे लागणार असतील तर तो खर्च धरूनच भाव ठरवायचा आहे. रिंग नुसत्या कार्बनने चिकटल्या आहेत की भिंतच झिजली आहे, हे या अवस्थेत कोणत्या खुणेवरून ओळखावे?